वैष्णवीची जट

पाटोद्यात बीड रोडला तानाजी जायभायेचं मोटर रिवायंडिंगचं दुकान आहे. उन्हाळा लागला की बोअरचं पाणी खोल जातं, मोटरी कोरड्या चालून जळतात आणि आसपासच्या खेड्यांतली माणसं त्या टेम्पोत टाकून तानाजीकडे आणतात. माणूस कमी बोलणारा. जळकी तार उपसायची, नवी भरायची, वार्निश पाजायचं, वाळवायचं. सगळं मान खाली घालून. या उन्हाळ्यात माझी मोटर जळाली तेव्हा एक अख्खा दिवस मी त्याच्या दुकानातल्या बाकड्यावर काढला. हत्यारांच्या फळीवर पाना-पकडीशेजारी मोठ्या दातांचा एक गुलाबी कंगवा दिसला. "हे रे कशाला?" म्हणून मी सहज विचारलं.

"पोरगी शाळेतून हिकडं येती. केस इस्कटलेले असतेत," तो म्हणाला आणि मग थांबत थांबत, मध्ये गिऱ्हाईक सांभाळत त्यानं गेल्या वर्षीची सगळी हकीकत सांगितली. राहिलेली त्याच्या आईनं, केसरबाईंनी, संध्याकाळी घरी चहा देताना पुरी केली.

तानाजीची बायको तेजश्री. तिला पोलीस व्हायचं होतं. लग्न झालं, पोरगी झाली, पोरगी चालायला लागली, तरी ही पहाटे कॉलेजच्या मैदानावर धावायला जायची. लोक हसले, दमले आणि गप्प बसले. तिसऱ्या खेपेला भरतीत तिचं नाव लागलं. ट्रेनिंग नऊ महिन्यांचं. दिवाळीचा फराळ संपायच्या आत ती जालन्याला निघाली.

निघायच्या आदल्या दिवशी तिनं तानाजीला न्हाणीघरापाशी उभं केलं. त्यांची एकुलती एक पोरगी, वैष्णवी, तेव्हा तिसरीत होती. तिचे केस कमरेपर्यंत, दाट आणि कुरळे. आईकडच्या आजीवर गेलेले. तेजश्री म्हणाली, "अहो, नीट ऐका. हिचे केस आपल्यासारखे न्हाईत. रविवारी तेल लावायचं, तासाभरानं धुवायचं. रोज धुवायचं न्हाई. विंचरायचं ते खालून, टोकाकडून. वरून कंगवा ओढला तर गाठी खाली जमतेत. झोपताना सैल वेणी घालायची. ध्यानात राहील ना?"

"हां, हां," तानाजी म्हणाला. त्याचं सगळं ध्यान तिच्या बॅगेच्या तुटलेल्या चेनवर होतं. ती कशी बसवावी याचा तो विचार करत होता. चेन त्यानं छान बसवून दिली. केसांचं एक अक्षर त्याच्या डोक्यात राहिलं नाही.

केसरबाईंच्या हातांना संधिवात. बोटं वाकडी झालेली. तळहातानं भाकरी थापता यायची, पण वेणीचे तीन पेड धरता येत नव्हते. म्हणजे काम तानाजीवरच आलं. पहिल्या दिवशी दोन वेण्या घालायला पाऊण तास लागला आणि शाळेचं फाटक येईपर्यंत त्यातली एक सुटली. दुसऱ्या दिवशी त्यानं इतक्या घट्ट घातल्या की पोरीच्या भुवया वर ओढल्या गेल्या. महिनाभरात हात बसला. वेणी जमायला लागली. पण केसांचंच काहीतरी बिनसत चाललं होतं.

ते असं झालं. केस भुरभुरीत दिसायला लागले तेव्हा तानाजीला वाटलं, धूळ बसतेय. म्हणून तो रोज सकाळी पुडीतला शॅम्पू फोडून पोरीचं डोकं धुवायला लागला. बोअरचं पाणी जड; बादलीच्या काठाला पांढरा थर धरतो, त्या पाण्यात डाळ शिजत नाही. रोजचा शॅम्पू आणि वर ते पाणी. केस काथ्यासारखे झाले. मग तो आप्पारावच्या जनरल स्टोअर्सला गेला.

आप्पाराव दुकानदार जीवाला जीव देणारा, पण केसांतलं त्याला तानाजीइतकंच कळत होतं. ज्या कंपनीचा माणूस नुकताच येऊन गेलेला असेल तिची बाटली तो पुढं करायचा. आधी आवळ्याचं तेल दिलं. मग भृंगराजाचं. मग केस सरळ करणारा शॅम्पू, त्यावर चमक आणणारं सीरम, मग कोंड्याचं औषध. कोंडा नव्हताच, ती कोरडी पडलेली कातडी होती. एकदा कांद्याचं तेल दिलं. त्या दिवशी वर्गातल्या पोरी वैष्णवीला "कांदाभजी" म्हणाल्या. ती घरी आली आणि दप्तर फेकून म्हणाली, "पप्पा, मला आता काहीच लावू नका."

तिचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. पण तोवर न्हाणीघरातल्या फळीवर अकरा बाटल्या झाल्या होत्या.

फेब्रुवारीत वैष्णवीला टायफॉईड झाला. बीडला एका खासगी दवाखान्यात सहा दिवस ठेवावं लागलं. सलाईन, ताप, घाम. केस उशीवर पसरायचे, सलाईनच्या नळीत अडकायचे. नर्स म्हणाली, "बांधून टाका ते." तानाजीपाशी काही नव्हतं. औषधांच्या पुड्याला लावलेलं पिवळं रबर त्यानं काढलं, मानेवर केसांचा गोळा केला आणि बांधला. गोळा सुटला तर त्यावर दुसरा गोळा घालून आणखी रबर. तेव्हा कुणाला केसांची पडली होती? तेजश्रीला त्यानं तापाचं कळवलं, पण तिची सुट्टी मंजूर होईपर्यंत ताप उतरला, आणि "आता येऊ नको, बरी हाय," असं त्यानंच सांगितलं.

घरी आल्यावर आणखी दहा दिवस पोरगी पडूनच होती. डॉक्टरांनी डोक्यावरून पाणी घ्यायला नको म्हटलं होतं. शेवटी तानाजीनं एके दिवशी केस सोडायला घेतले. वरचे सुटले. खाली मानेवर मात्र मुठीएवढं काहीतरी होतं. घट्ट, चपटं, घोंगडीच्या तुकड्यासारखं. त्यानं कंगवा घातला, कंगव्याचे दोन दात तुटले. वैष्णवी किंचाळली. त्यानं हात काढून घेतला आणि वरचे केस त्यावर ओढून झाकून टाकलं.

"उद्या बघू," तो म्हणाला. पण मार्च लागला होता. दुकानासमोर जळक्या मोटरींची रांग लागली. उद्याचे पंधरा दिवस झाले.

शेजारच्या सावित्रीबाई आजारातून उठलेल्या पोरीला बघायला आल्या. मायेनं डोक्यावरून, मानेवरून हात फिरवता फिरवता त्यांचा हात थांबला. केस बाजूला करून त्यांनी पाहिलं आणि एकदम हात जोडले.

"केसरबाई, अवो ही तर जट हाय. देवी आली तुमच्या घरी."

केसरबाईंच्या हातातलं सूप खाली पडलं.

दुसऱ्या दिवशी हळदकुंकू आलं, खण आला, लिंबू आलं. शुक्रवारी गल्लीतल्या सात-आठ बाया येऊन वैष्णवीच्या पाया पडून गेल्या. आठ वर्षांची पोरगी पाय मागं घ्यायची आणि बाया आणखी पुढं वाकायच्या. सावित्रीबाईंनी बजावलं, कात्री लावायची नाही, फणी लावायची नाही, तेलाचा थेंब लावायचा नाही. शाळेत एक मैत्रीण तिला नमस्कार करायला लागली आणि दुसरी तिच्या शेजारी बसेनाशी झाली. वैष्णवीनं खेळणं सोडलं. जट ओढली जाऊ नये म्हणून ती कुशीवर झोपायची, मान सारखी एका बाजूला धरायची.

तानाजीनं बायांना अडवलं नाही. खरं सांगायचं तर त्यालाही भीती वाटत होती. तो नारायणगडावर दर्शनाला न चुकता जाणारा माणूस. देवाशी उगाच कशाला वाकडं घ्या? रविवारी तेजश्रीचा व्हिडिओ कॉल यायचा. ती म्हणायची, "वेणी दाखव गं." तानाजी फोन असा धरायचा की पोरीचा नुसता चेहरा दिसायचा.

एका दुपारी शाळा सुटल्यावर वैष्णवी दुकानात आली आणि बाकड्यावर बसली. दप्तर मांडीवर घेतलं. मग म्हणाली, "पप्पा, देवीच्या पोरींना घरी ऱ्हाता येत न्हाई का?"

"कोण म्हणलं?"

"सावित्री आज्जी. मोठी झाल्यावर मला देवीला सोडावं लागंल म्हणल्या." ती आपल्या बुटांकडे बघत होती. "मग मम्मी साहेब होऊन येईल तवा मी कुठं असंल?"

तानाजी मला म्हणाला, "मामा, त्या वक्ताला माझ्या हातात सोल्डरिंगची तापलेली कावी होती. ती तशीच धरून बसलो. टेबलाची फळी जळाली, मला वास सुद्धा आला न्हाई."

त्यानंतर तीनच दिवसांनी यशोधरा शिनगारे त्याच्या दुकानात आली. यशोधराचं बसस्टँडमागं ब्यूटी पार्लर आहे. तिचा केस वाळवायचा ड्रायर बंद पडला होता. तानाजीनं तो उघडला, आतलं बघितलं आणि मान वर न करता विचारलं, "ताई, केस लई गुंतले तर काय करतेत?"

"किती गुंतलेत?"

त्यानं मूठ दाखवली.

यशोधरानं क्षणभर त्याच्याकडे पाहिलं. गावात बातमी फिरलेलीच होती. "पोरीला घेऊन या. आणि घरात हायेत तेवढ्या बाटल्या बी आणा."

दुसऱ्या दिवशी पार्लरात दुसरं कुणी नसताना तो पोरीला आणि पिशवीभर बाटल्यांना घेऊन गेला. यशोधरानं आधी वैष्णवीला विचारलं, "बघू का गं? दुखलं तर हात वर कर, मी थांबते." मग तिनं केस उचलून, उजेडात धरून, खालची कातडी तपासली. दोन जागी लाल झालं होतं, जखम नव्हती. वास घेतला. बोटानं टोकं चाचपली.

"जट-बिट काही न्हाई दादा, गुंता हाय," ती म्हणाली. "आजारात पडून राहिलेल्या बायांचं असं होतं. मी चार वेळा बघितलंय. कापलं तर पाच मिनिटांचं काम. पण कापलंच पाहिजे असं न्हाई. सुटंल."

"तुमी सोडवता?"

ती जराशी हसली. "मी हात लावला तर उद्या सावित्रीबाई काय म्हणतील ते तुमालाही माहीत हाय अन् मलाही. मग पोरीला शिंक आली तरी माझ्या नावावर. तुमीच सोडवा. घरात, तुमच्या आईसमोर. मी दाखवते कसं."

पिशवीतल्या बाटल्या तिनं टेबलावर मांडल्या. "एवढा माल माझ्या पार्लरात न्हाई," ती म्हणाली आणि एक एक बाजूला काढायला लागली. सरळ करणारा शॅम्पू नको. कोंड्याचं औषध नको, कोंडा नाहीच. कांद्याचं तेल, सीरम, सगळं एका बाजूला. अकरातल्या दोन ठेवल्या: साधं खोबरेल आणि आप्पारावनं शॅम्पूबरोबर फुकट दिलेली, अजून न फोडलेली कंडिशनरची बाटली. "हीच खरी कामाची, अन् हीच तुमी उघडली न्हाई. आधी धुवायचं न्हाई, पाणी लागलं की गुंता आणखी आवळतो. कोरड्यावरच हे चोपडायचं, भरपूर. अर्धा तास थांबायचं. मग बोटानं, कडेकडेनं, खालच्या टोकाकडून. एक एक बट मोकळी झाली की क्लिप लावून बाजूला. दिवसाला दोन-तीन तास, जास्त न्हाई, पोरगी कावंल. घाई केली की तुटतं."

तानाजीनं या वेळी मोबाईलमध्ये सगळं लिहून घेतलं.

आता आई राहिली. केसरबाई ओसरीत शेंगा फोडत बसल्या होत्या. तानाजी समोर बसला आणि म्हणाला, "माय, म्या वैष्णवीचे केस सोडवणार हाय."

केसरबाईंनी शेंगा खाली ठेवल्या. "तुला दगडी मावशी ठावं न्हाई," त्या म्हणाल्या.

दगडाबाई त्यांची थोरली बहीण. बारा वर्षांची असताना गोवर निघाला, त्यात केसांची जट झाली. सुगीचे दिवस, आई रानात. कुणी लक्ष दिलं नाही, आणि लक्ष गेलं तेव्हा लोक पाया पडायला लागले होते. दगडाबाईचं लग्न झालं नाही. देवीची परडी घेऊन, जोगवा मागत ती गावोगाव हिंडली. जट गुडघ्यापर्यंत वाढली, मान वाकली. पाठीवर झोपणं तिला कधी जमलं नाही.

"म्या एकदा तिला म्हणलं, काढून टाक की गं बाई," केसरबाई म्हणाल्या. "ती म्हणली, भ्या वाटतं. मलाबी भ्या वाटलं. म्या परत कधी बोलले न्हाई. चाळिशीत मेली. तानाजी, आपल्या हातानं वंगाळ झालं तर?"

तानाजीनं खाली ठेवलेल्या शेंगांतली एक उचलून फोडली. मग म्हणाला, "माय, म्या कात्री लावत न्हाई. जोर बी लावत न्हाई. तेल अन् बोटं, एवढंच. देवीची आसंल तर सुटणार न्हाई, म्या हात जोडीन आन् गप बसंन. आपली आसंल तर सुटंल. बघायला काय हरकत हाय?"

 केसरबाईंनी उठून देवापुढं दिवा लावला, आणि परत येऊन म्हणाल्या, "कात्री न्हाई. कबूल?"

"कबूल."

वैष्णवीलाही विचारलं. ती म्हणाली, "दुखलं तर हात वर करीन."

दुसऱ्या दिवशी दुपारी एक वाजता ऐन हंगामात तानाजीनं दुकानाचं शटर ओढलं. ओसरीत पंख्याखाली पोरीला पाटावर बसवलं, पुढ्यात गूळ-शेंगदाणे दिले आणि हातात कार्टून लावलेला फोन. मोटरच्या खाचेत तार दाबून बसवायला बांबूची एक चपटी काडी असते. तसली एक नवी काडी त्यानं पॉलिशपेपरनं घासून गुळगुळीत केली होती. कंडिशनर चोपडलं, थांबला आणि कामाला लागला.

पहिल्या दिवशी तीन तासांत अंगठ्याएवढी बट सुटली. वैष्णवीनं अकरा वेळा हात वर केला आणि अकरा वेळा तो थांबला. केसरबाई दाराशी बसून नुसत्या बघत होत्या. सुटलेली बट तानाजीनं त्यांच्यापुढं धरली. त्यांनी ती हातात घेतली नाही, पण मानही फिरवली नाही.

दुसऱ्या दिवशी बंकट आला. त्याची मोटर चार दिवसांपासून दुकानात पडून होती आणि कांदा पाण्यावाचून वाळत होता. शटर बंद बघून तो थेट घरी आला, अंगणातूनच ओरडत. "बे तान्या, दुकान का रं बंद? माझा कांदा जळायलाय अन् तू घरात—"

पुढचं त्याच्या तोंडातच राहिलं. ओसरीत तानाजी गुडघे टेकून बसलेला, दोन्ही हात पांढऱ्या कंडिशनरनं माखलेले, पोरगी मान खाली घालून बसलेली. बंकट खांबाला टेकून उभा राहिला. मग खाली बसला. पाच-सहा मिनिटं त्यानं नुसतं बघितलं. जाताना म्हणाला, "मोटर परवा दिली तरी चालंल. शेजाऱ्याकडनं पाणी घेतो." त्याला तीन लेकी होत्या.

दोन दिवसांत कडेचं बहुतेक सुटलं. तिसऱ्या दिवशी मधला भाग राहिला, सुपारीएवढा, दगडासारखा. कंडिशनर आत जाईना, काडी जाईना. तास झाला, दीड तास झाला. एक केस हलेना. केसरबाई पुटपुटायला लागल्या. सावित्रीबाईही येऊन उंबऱ्यापाशी उभ्या होत्या. त्यांचे हात जोडलेलेच होते. तानाजीच्या कपाळावर घाम आला. आपण आईला शब्द देऊन बसलो, आता हात जोडायची वेळ आली, असं त्याला वाटायला लागलं.

शेवटचा प्रयत्न म्हणून त्यानं खोबरेल कोमट करून थेंबथेंब त्या गाठीत सोडलं आणि बोटांच्या चिमटीत ती हळूहळू चोळली. चोळता चोळता बोटाला काहीतरी लागलं. केस नव्हता. ताणला तर ताणत होता आणि सोडला की परत जात होता. त्यानं काडीच्या टोकानं ते उजेडात ओढलं.

पिवळं रबर होतं.

तानाजी हसायला लागला. हसता हसता त्याचे डोळे भरले. "माय, हिकडं ये. चष्मा घाल."

केसरबाईंनी चष्मा घातला, वाकून पाहिलं. एक रबर, त्याच्याखाली दुसरं, दोन्ही केसांत पार रुतलेली. "हे काय हाय?"

"दवाखान्यात औषधाच्या पुड्याला व्हतं. म्याच बांधलं. बांधलं अन् इसरून गेलो." तो त्यांच्याकडे बघत राहिला. "माय, देवीला मेडिकलचं रबर कशाला लागंल गं?"

केसरबाईंनी वाकड्या बोटानं ते पिवळं रबर चाचपून पाहिलं. सावित्रीबाई दोन पावलं पुढं आल्या, त्यांनीही पाहिलं आणि पदर तोंडाला लावला.

"कात्री न्हाई म्हणली व्हतीस," तानाजी म्हणाला. "रबर कापू का?"

"काप," केसरबाई म्हणाल्या. "आदुगर ते काप."

तार कापायच्या बारीक कटरनं त्यानं दोन्ही रबरं तोडली. गाठीचा जीवच गेला. पुढच्या तासाभरात सगळं मोकळं झालं. तुटलेल्या केसांचा एक पुंजका हातात आला, तेवढाच. मग त्यानं पोरीचं डोकं हलक्या हातानं धुतलं, शेवटचे दोन तांबे पिण्याच्या जारमधल्या हलक्या पाण्याचे ओतले, जुन्या सुती बनियननं पाणी टिपलं आणि केस पाठीवर सोडले.

वैष्णवीनं मान डावीकडे नेली. उजवीकडे नेली. मग मागं टाकली, पार मागं, छताकडे बघत. "पप्पा," ती म्हणाली, "मान लई हलकी झाली." आणि तिथंच ओसरीच्या थंड फरशीवर पाठ टेकून, हातपाय पसरून पडली. दोन मिनिटांत ती झोपली. महिन्याभरानं ती पाठीवर झोपली होती.

केसरबाई तिच्या उशाशी बसल्या. त्यांच्या वाकड्या बोटांना वेणी जमत नसली तरी केसांतून फिरता येत होतं. त्या पोरीच्या मानेवरून बोटं फिरवत राहिल्या, पुन्हा पुन्हा, जणू अजून काही सापडतंय का ते बघत होत्या. काही सापडलं नाही. "दगडीजवळ कुणी बसलंच न्हाई रं," त्या म्हणाल्या. "तीन दुपारी कुणी बसलं असतं तर." आणि त्या रडल्या. मला हे सांगताना शेवटी म्हणाल्या, "रडले खरी, पर लई मोकळं वाटलं बघा. चाळीस वर्सांचं भ्या गेलं."

रविवारी फोन आला तेव्हा तानाजीनं आधी वैष्णवीला मागं वळवून केस दाखवले आणि मग सगळं सांगितलं, टायफॉईडपासून. तेजश्री ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "मला आधी का सांगितलं न्हाई?"

"भ्या वाटलं. तू ट्रेनिंग सोडून येशील."

"आलेच असते," ती म्हणाली. मग तिनं डोक्यावरची टोपी काढली. तिचे स्वतःचे लांब केस कानाखालपर्यंत कापलेले होते. "परेडला बरं पडतं. मी बी तुमाला सांगितलं नव्हतं." वैष्णवी फोनच्या जवळ गेली आणि आईचं डोकं बघून खदखदा हसली. त्या हसण्यात बाकीचं भांडण राहून गेलं.

त्या दिवशी तेजश्रीनं केसांचं सगळं पुन्हा सांगितलं आणि या खेपेला तानाजीनं ऐकलं. आता आठवड्यातून दोनदाच धुणं. धुवायच्या आधी गुंता काढणं. तळहातावर मावेल एवढाच शॅम्पू, तोही फक्त मुळांना. टोकांना कंडिशनर, आणि ते लावलेलं असतानाच मोठ्या दातांच्या कंगव्यानं खालून वर. शेवटचं पाणी जारचं. झोपताना सैल वेणी, कापडी बंदानं. रबर म्हणून घरात ठेवलेलं नाही; औषधाचा पुडा आला की केसरबाई त्याचं रबर आधी काढून चुलीत टाकतात. बाकीच्या नऊ बाटल्या तानाजीनं आप्पारावला नेऊन दिल्या. आप्पाराव ओशाळला आणि म्हणाला, "आता कुणी इचारलं तर काय देऊ?" तानाजीनं त्याला यशोधराच्या पार्लरचा रस्ता दाखवला. यशोधराचा ड्रायर त्यानं दुरुस्त करून स्वतः नेऊन दिला. केसरबाई एकदा मुद्दाम तिच्याकडे गेल्या, नातीला घेऊन, आणि तिनं केलेला चहा पिऊन आल्या. यशोधराच्या जातीची कुजबुज करत गल्लीनं ही गोष्ट दोन दिवस चघळली. केसरबाईंनी लक्ष दिलं नाही.

सावित्रीबाई काही दिवस आल्या नाहीत. नंतर एका सकाळी वाटी घेऊन साखर मागायला आल्या, आणि जाताना दारातून हळूच विचारलं, "त्या पांढऱ्या बाटलीचं नाव काय हाय गं, वैष्णवी? आमच्या सुनेचे केस बी लई गुंततेत." वैष्णवीनं त्यांना बाटली आणून दाखवली.

श्रावणात तेजश्री चार दिवसांच्या सुट्टीवर आली. पाऊस बरा झाला होता, कपिलधारचा धबधबा पडायला लागला होता. चौघं टमटम करून गेले. मंदिरात दर्शन झालं आणि वैष्णवी कुणाला न विचारता सरळ पाण्याच्या धारेखाली जाऊन उभी राहिली. केस चिंब, तोंडावर आलेले, अंगावर माती.  "अगं, गुंता! गुंता व्हईल!" तानाजी काठावरून ओरडायला लागला. आजूबाजूची माणसं बघायला लागली.

तेजश्रीनं त्याच्या हातातली पिशवी काढून घेतली. आत कंगवा होता, बाटली होती, जुना बनियन होता. "मी हाय ना," ती म्हणाली. "तुमी बसा."

तानाजी एका सपाट दगडावर बसला. केसरबाईंनी पुरीभाजीचा डबा उघडला. त्यानं चार पुऱ्या खाल्ल्या, पाणी प्यायला, शर्टाची वरची दोन बटणं सोडली आणि मागं रेलला. मायलेकींचं काहीतरी बोलणं चाललं होतं, ते त्याच्या कानावर येत होतं, पण त्यात आपल्याला करण्यासारखं काही नाही हे त्याच्या ध्यानात आलं. केसरबाई सांगत होत्या, तो तिथंच भर उजेडात तोंड उघडं टाकून झोपला, आणि निघायची वेळ झाली तरी कुणी त्याला उठवलं नाही.